बत्तिसावं वाक्य

माझ्या बायकोने नऊ फ्रेंच पुस्तकं इंग्रजीत आणली आणि त्यांतल्या एकाच्याही मुखपृष्ठावर तिचं नाव नाही. नाव असतं आत, चौथ्या पानावर, छपाईवाल्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत. घरी कुणी आलं की मी चहाच्या आधी पुस्तक काढतो, ते पान उघडतो आणि नावावर बोट ठेवतो. पाहुणे "अरे वा" म्हणतात आणि पुस्तक उलटं करून मागची किंमत बघतात. सुनेत्रा आतून ओरडते, "अहो, ठेवा ते, चहा निवतोय." मी ठेवत नाही. जिने एकेका शब्दासाठी आठ आठ दिवस माझं डोकं खाल्लं तिचं नाव लोकांनी निदान एकदा तरी वाचावं, एवढीच माझी अपेक्षा असते.

मी केशव. लोणावळ्याच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. पायरी गाळली की अर्धा मार्क कापायचो, मग उत्तर बरोबर का असेना. अजूनही बाजारात चाळिशीचे बाप्ये मला बघून रस्ता बदलतात. सुनेत्रा पुण्याच्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवायची. पुढे आंबीच्या एका कारखान्यात फ्रान्सहून मशिनं आली आणि त्यांच्यासोबत आलेली जाडजूड माहितीपुस्तकं इंग्रजीत करायला कुणीतरी हवं होतं, म्हणून तिला बोलावलं. तिथला एक फ्रेंच इंजिनियर परत जाताना आपली एक कादंबरी टेबलावरच विसरून गेला. ती सुनेत्राने घरी आणली, वाचली, आणि कुणी सांगितलेलं नसताना वर्षभर बसून इंग्रजीत केली. लंडनच्या एका लहान प्रकाशकाने ती छापली. तेव्हापासून आमच्या घरात दोन माणसं आणि एक फ्रेंच पुस्तक असं तिघांचं बिऱ्हाड आहे.

निवृत्तीनंतर आम्ही मळवलीला लहानसं घर बांधलं. कुंपण घालायला जानूभाऊ आले होते. ते रेल्वेच्या गँगमध्ये, रूळ तपासायच्या कामावर होते आणि सुट्टीच्या दिवशी अशी कामं करायचे. त्यांच्यामुळे त्यांच्या बायकोची, भागुबाईंची ओळख झाली. भागुबाईंकडे भाताची दोन खाचरं आहेत, दोन गाई आहेत आणि आमच्या शेजारच्या बंगल्याच्या किल्ल्या आहेत. बंगला मुंबईच्या लोकांचा. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येतात, रविवारी रात्री जातात आणि मधले दिवस बंगला भागुबाईंचा असतो.

एकदा सुनेत्रा ओसरीवर बसून स्वतःशीच पुटपुटत होती. पुस्तकात गवत साठवायचा कसलासा प्रकार आला होता आणि तो तिला काही केल्या डोळ्यांपुढे येत नव्हता. भागुबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय वो बाई, कुनाशी भांडताय?" सुनेत्राने सांगितलं. भागुबाई आत आल्या, हाताने हवेतच गवताची उडवी रचून दाखवली, वरून पाऊस कसा निथळतो ते दाखवलं आणि निघून गेल्या. सुनेत्राने त्या दिवशी एका दमात तीन पानं केली.

मग ती पद्धतच पडली. सोमवार ते गुरुवार, दुपारी चार वाजता, भागुबाई सुपात तांदूळ घेऊन आमच्या ओसरीवर यायच्या. सुनेत्रा सकाळी वाचलेलं पान त्यांना मराठीत सांगायची. मग भागुबाई तेच पान परत सांगायच्या, त्यांच्या बोलीत, खडे निवडता निवडता. फोन मध्ये ठेवलेला, त्यात सगळं रेकॉर्ड व्हायचं. भागुबाई जिथे अडखळायच्या तिथे सुनेत्रा पेन्सिलीने खूण करायची. तिचं म्हणणं असं, की तिथे भागुबाईंचं काही चुकलेलं नसतं, तिला स्वतःलाच ते वाक्य अजून कळलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रेकॉर्डिंग ऐकायची आणि फ्रेंच पान समोर ठेवून इंग्रजी लिहायची. फ्रेंचमधून इंग्रजीत जायला मळवलीवरून वळसा कशाला, असं मी तिला सुरुवातीला विचारलं होतं. "सरळ गेलं की मी फक्त शब्द नेते," ती म्हणाली होती.

भागुबाई नुसत्या ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "बाई, ह्ये काय पटत न्हाई," त्या म्हणायच्या. "घरात लेकरू आजारी आन ही बया खिडकीत बसून ढग बघतीय? तुमी काय तरी गाळलंय." सुनेत्रा पुन्हा फ्रेंच बघायची आणि बऱ्याचदा खरंच काहीतरी गाळलेलं निघायचं. पुस्तकात त्यांचे आभार मानायचं सुनेत्राने दोनदा काढलं, तर भागुबाईंनी साफ नकार दिला. "नाव छापलं की बंगलेवाल्यांना कळंल, मी चार वाजता कुटं आसते ती."

आणि माझं काम मोजणीचं. मला फ्रेंच ओ की ठो येत नाही, पण पूर्णविराम कळतो. रोजच्या पानातली फ्रेंच वाक्यं मोजायची, इंग्रजी मोजायची, आणि आकडे जुळले की पानावर बरोबरची खूण करायची. एकही वाक्य गळता कामा नये, एकही वाढता कामा नये, हा सुनेत्राचा नियम. जिथे तिने मुद्दाम दोन वाक्यांचं एक केलं असेल तिथे ती समासात लिहून ठेवायची. आठ पुस्तकांत माझी मोजणी एकदाही चुकली नाही. नवव्यातही चुकली नाही. मी खोटं बोललो.

नववं पुस्तक डोंगरातल्या एका बाईचं होतं. फ्रान्समधलं एक उंचावरचं गाव, चार गाई, एक नवरा आणि ही बाई. पुस्तकाच्या मध्यावर नवरा मरतो. आम्ही त्या पानापर्यंत पोचलो तेव्हा ऑगस्ट होता आणि सुनेत्राला डेंग्यू झाला होता. प्रकाशकाची तारीख तोंडावर आलेली. मी म्हटलं, कळव त्यांना. पण ती ऐकेल तर ना. ताप येण्याआधी वाचलेली पानं तिच्या डोक्यात होती, तीच ती शाल गुंडाळून, डोळे मिटून खुर्चीत बसल्या बसल्या सांगायची. उजेडाने डोळे दुखायचे म्हणून छापील अक्षराकडे बघायचीही सोय नव्हती.

त्या दिवशी सुनेत्राने सांगितलं: तिने नवऱ्याला माती दिली. ती घरी आली. तिने कपडे बदलले. ती गोठ्यात गेली. गाई उभ्या राहिल्या. तिने धार काढली. ती लेखिका असंच लिहिते, तुटक. सुनेत्राचा आवाज खोल गेला होता आणि मध्येच ती पाणी मागत होती.

भागुबाईंनी परत सांगायला सुरुवात केली. "मानसाला माती दिऊन आली. लुगडं बदाललं. गोठ्यात गेली. गाई उठल्या." इथे त्यांचा हात सुपात थांबला. "गाईंनी तिच्याकडं बघितलंच न्हाई. तिच्या मागं दाराकडं बघत ऱ्हायल्या. मग तिनं धार काढली."

उरलेलं पान त्यांनी नेहमीसारखंच सांगितलं, पण चहा न घेता उठल्या आणि धारेची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. धारेला अजून तासभर होता.

जानूभाऊ आदल्या वर्षी गेले होते. छातीचं दुखणं, चार दिवसांत आटोपलं. तळेगावच्या दवाखान्यातून त्यांना आणलं त्या रात्री मी त्यांच्या घरी होतो. दुसऱ्या दिवशी माती झाली. त्यानंतर भागुबाई कधी त्यांच्याविषयी बोलल्या नाहीत, आमच्याकडे तरी नाहीच. कुणी विषय काढला तर "व्हय" म्हणायच्या आणि उठून कामाला लागायच्या.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा पडून होती. रेकॉर्डिंग ऐकत, फ्रेंच वाक्यं आठवत, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून ती इंग्रजी सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. गाईंचं आणि दाराचं ते वाक्य आलं तेव्हा ती जरा थांबली, मग इतक्या सोप्या इंग्रजीत सांगितलं की माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरालाही आत कुठेतरी लागलं. संध्याकाळी मी मोजणी केली. फ्रेंच एकतीस, इंग्रजी बत्तीस. पुन्हा मोजलं. बत्तिसावं वाक्य कुठलं आणि ते कुणाचं, हे या घरात फक्त मला माहीत होतं.

"जुळली का हो मोजणी?" तिने पडल्या पडल्या विचारलं.

"जुळली," मी म्हटलं, आणि खूण केली.

का केलं असं, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलं. ताप होता, तिला त्रास नको, हे सगळं नंतर सुचलेलं. खरं एवढंच की मला ते वाक्य काढवलं नाही. वर्षभर जे भागुबाईंच्या तोंडून निघालं नव्हतं ते निघालं होतं, आणि मी काय लाल पेन घेऊन त्याच्यावर काट मारणार होतो?

खूण होती म्हणून बरी झाल्यावरही सुनेत्राने ते पान पुन्हा फ्रेंचशी ताडून बघितलं नाही. पुस्तक छापून आलं. सुनेत्राचं नाव चौथ्या पानावर, मुंगीएवढं.

या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, मी गॅसवर दूध ठेवून उभा होतो तेव्हा सुनेत्राने आतून हाक मारली. हाक कसली, किंकाळीच. दूध तसंच टाकून मी धावलो. लंडनहून ईमेलवर पत्र आलं होतं. फ्रेंच पुस्तकं इंग्रजी वाचकांपर्यंत आणणाऱ्या अनुवादकांसाठी तिकडे दर वर्षी एक पारितोषिक देतात, आणि यंदा ते डोंगरातल्या बाईच्या पुस्तकाला होतं. म्हणजे सुनेत्राला. लेखिकेला नव्हे, अनुवादकाला. प्रकाशकाचंही पत्र सोबत होतं: पुढच्या आवृत्तीत अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर, लेखिकेच्या नावाखाली, ठळक अक्षरांत. जाहीर व्हायला अवकाश होता. मानपत्राचा मसुदा जोडला होता, त्यात काही चूक असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, असं म्हटलं होतं.

अडुसष्ट वर्षांची बाई पलंगावर बसून लहान मुलीसारखी पाय हलवत होती. "मुखपृष्ठावर, अहो," ती म्हणत होती. "मुखपृष्ठावर." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. दूध उतू गेलं ते गेलंच.

मानपत्र मी वाचलं. स्तुती भरघोस होती. शेवटी लिहिलं होतं: या अनुवादाची ताकद एका पानावरून कळते, तिथे अनुवादक दिसेनाशी होते आणि फक्त ती बाई, त्या गाई आणि ते दार उरतं. आणि खाली, अवतरणचिन्हांत, बत्तिसावं वाक्य.

सुनेत्रा म्हणाली, "चारला भागुबाई येतील, त्यांना फ्रेंच वाक्यही ऐकवते, कसं वाजतं ते," आणि तिने कपाटातून मूळ पुस्तक काढलं. मी अडवू शकलो असतो. काहीतरी काम काढून बाहेर पाठवू शकलो असतो. मी उभा राहिलो आणि तिचं बोट ओळीवरून फिरताना बघत राहिलो. ते एकदा फिरलं, दोनदा फिरलं, मग आधीच्या पानावर गेलं, परत आलं.

"हे इथे नाहीये," ती म्हणाली.

तिने कपाटाच्या खालच्या कप्प्यातून जुने कागद काढले. ते पान सापडलं. वर माझी खूण, तारखेसकट. तिने स्वतः मोजलं, बोट ठेवून. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"सर," ती म्हणाली. सुनेत्रा मला अहो म्हणते. सर म्हणते ती फक्त मनापासून चिडल्यावर, लग्नाला बेचाळीस वर्षं झाली त्यात चार-पाचदा म्हणाली असेल. "सर, मोजणी जुळली होती ना?"

मी सगळं सांगितलं. भागुबाईंचा सुपातला हात, चहा न घेता जाणं, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"चौतीस वर्षं पोरांचे अर्धे मार्क कापलेत तुम्ही," ती म्हणाली. "आणि मला खोटं सांगितलंत. मी डोळे मिटून पडले होते तेव्हा."

"कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. लाज वाटत असली की मी जास्तच हुज्जत घालतो. "पाच परीक्षकांना कळलं नाही. लेखिकेला कळलं नाही. वाक्य वाईट असतं तर गोष्ट वेगळी होती. चांगलं वाक्य आहे."

"चांगलं आहे म्हणूनच," ती म्हणाली. "वाईट असतं तर पुढच्या आवृत्तीत काढून टाकलं असतं आणि विषय संपला असता. आता ते मला त्याच्याकरता मान देतायत. जे माझं नाही, लेखिकेचं नाही, त्या वाक्याकरता."

"मुखपृष्ठावर नाव येतंय गं तुझं," मी म्हटलं. मला ते नाव तिच्यापेक्षा जास्त हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं.

चार वाजता भागुबाई आल्या. सुनेत्राने त्यांना काहीही न लपवता सांगितलं. बक्षीस, मानपत्र, वाक्य. भागुबाईंनी सूप खाली ठेवलं.

"व्हय, माझंच हाय ती," त्या म्हणाल्या. "तोंडात आलं आन निगून गेलं. मला वाटलं तुमी गाळून टाकाल, जसं बाकीचं माझं गाळता." मग विचारलं, "बक्षीस जानार काय आता?"

"सांगितलं तर बहुतेक जाईल," सुनेत्रा म्हणाली. "नाही सांगितलं तर राहील. तुम्ही काय केलं असतं?"

भागुबाई माझ्याकडे बघतील आणि माझ्या बाजूने काहीतरी बोलतील अशी मला आशा होती. त्यांनी बघितलं, पण ते पोरांकडे बघतात तसं.

"मला कशाला इचारताय?" त्या म्हणाल्या. "गाई जिच्या हायत तिला इचारा की. तिला म्हनावं, तुझ्या गाई दाराकडं बघतील का न्हाई?"

सुनेत्रा त्या रात्री नीट झोपली. मी नाही झोपलो.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षकांना पत्र लिहिलं. पानाचा क्रमांक दिला, वाक्य दिलं, ते मुळात नाही हे लिहिलं, आणि ते शेजारच्या भागुबाईंचं आहे हेही लिहिलं. ते वाक्य ठेवायचं की काढायचं हे लेखिकेला विचारावं, तिचं उत्तर मला मान्य असेल, असं शेवटी. अकरा वाक्यं होती. मी मोजायची नाहीत असं ठरवलं होतं, पण मोजली.

"माझ्याविषयी काही लिहिलं नाहीस," मी म्हटलं.

"काय लिहू? नवऱ्याने मोजणीत खोटं सांगितलं?" ती म्हणाली. "लंडनला?" आणि सोमवारपासून पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. मी तेवढ्यावर दोन दिवस काढले.

उत्तर यायला दहा दिवस लागले. या दहा दिवसांत मी आमच्या गॅलरीतल्या सगळ्या कुंड्यांची माती बदलली, वडगावला जाऊन सातबाऱ्याचं रखडलेलं काम करून आलो आणि तिथल्या कारकुनाशी विनाकारण भांडलो. सुनेत्रा दहाव्या पुस्तकाला लागली. चार वाजता भागुबाई येत होत्या, पान सांगितलं जात होतं, परत सांगितलं जात होतं. फक्त आता मोजणी झाली की सुनेत्रा स्वतः पुन्हा मोजायची. मी पान तिच्याकडे सरकवायचो.

शुक्रवारी दुपारी ईमेलवर पत्र आलं आणि मी ते कागदावर छापून काढलं. परीक्षकांच्या प्रमुखांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. पाचांत निकाल तीन विरुद्ध दोन असा होता आणि त्या तिनांतलं एक मत त्याच पानामुळे फिरलं होतं. म्हणून पुन्हा मतं घेतली. यंदाचं पारितोषिक दुसऱ्या अनुवादकाला जात आहे. तुमच्या पत्राबद्दल आम्ही पाचही जण आभारी आहोत, वगैरे. आभार घेऊन काय करायचं होतं मला! मी ते पत्र वाचून अशा काही शब्दांत बोललो, जे मी वर्गात कुणाला बोलू दिले नसते.

सुनेत्रा मात्र सोबतचा दुसरा कागद वाचत होती. लेखिकेने हाताने लिहिलेला. शहाऐंशी वर्षांची आहे ती, अक्षर थोडं कापरं होतं. सुनेत्राने तो मला सरळ मराठीत वाचून दाखवला, कुठेही न थांबता:

"प्रिय बाई, वाक्य फार चांगलं आहे. मला सुचलं असतं तर मी दुसऱ्या एखाद्या पुस्तकात नक्की लिहिलं असतं. पण या पुस्तकात ते राहू शकत नाही. माझ्या गोष्टीतला नवरा गोठ्यात पाऊल टाकत नाही, त्याला शेणाचा वास सोसत नाही. दुसऱ्या प्रकरणात मी ते एका ओळीत सांगितलं आहे. त्या गाईंना तो माहीतच नव्हता. तो मेला आणि गोठ्यात काहीही बदललं नाही, एवढंच मला त्या पानावर लिहायचं होतं. म्हणून कृपा करून ते काढा. तुमच्या शेजारणीला माझा नमस्कार सांगा."

सुनेत्राने दुसरं प्रकरण उघडलं. ओळ होती. ती तिनेच इंग्रजीत केली होती, भागुबाईंना सांगितली होती, मी मोजली होती.

"सतरा महिने राहिले मी या बाईच्या घरात," ती म्हणाली, "आणि तिचा नवरा गोठ्यात येत नव्हता हे विसरले." तिचे डोळे भरले. "अहो, बरोबर गेलं बक्षीस. दुसऱ्या कुणाचं पान असतं तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं."

मला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि मी बसलो. गुडघे कुरकुरले. "माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं. तिने नाही म्हटलं नाही. पण माझ्या टकलावर हलकेच चापट मारली आणि हात तिथेच ठेवला.

आता भागुबाईंना सांगायचं होतं, आणि बक्षिसापेक्षा मला त्याची धास्ती जास्त होती. ज्या बाईने वर्षभर मिटलेलं तोंड एका वाक्यापुरतं उघडलं, तिला सांगायचं की ते वाक्य काढून टाका म्हणतायत. "आपण असं सांगू का," मी म्हटलं, "की बक्षीस गेलं, पण वाक्य राहिलं? त्या कुठे इंग्रजी वाचणार आहेत?"

सुनेत्राने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी चप्पल घातली.

भागुबाई गोठ्यात होत्या. दोन्ही गाईंना वैरण टाकून झाली होती. सुनेत्राने कागद उघडला आणि उभ्या उभ्याच सगळं पत्र मराठीत सांगितलं, वाक्य चांगलं आहे इथपासून कृपा करून काढा इथपर्यंत. एक शब्द मऊ केला नाही. मी खुंट्याकडे बघत होतो.

भागुबाईंनी खाली सांडलेली वैरण गाईपुढे सारली. मग म्हणाल्या, "कदीच यायचा न्हाई?"

"कधीच नाही."

"येक दिस बी न्हाई?"

"वास सोसायचा नाही त्याला."

"आगं बया," भागुबाई म्हणाल्या, आणि त्या चुकचुकल्या, समोरच्या घरातल्या कुणाबद्दल कळावं तशा. "मग बराबर हाय तिचं. काढा ती. वळकच न्हाई तर गाई कशाला दाराकडं बघतील? उगा त्याला मोटेपना नको."

त्यांनी पदराने हात पुसले. गाईच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता त्या विषय बदलतील, कामाला लागतील. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, ताठ, आणि त्यांच्या तोंडावर जे होतं त्याला अभिमानाशिवाय दुसरा शब्द नाही.

"आमचं मानूस यायचं, बाई," त्या म्हणाल्या. "रेल्वेच्या डूटीवरनं आलं की आदी गोठ्यात, मग घरात. रोज."